पांढऱ्या क्रौंचासाठी कॅमेरा

आमच्या नेब्रास्कात, प्लॅट नदीकाठी बोलता बोलता फोन खाली ठेवायची पद्धत नाही. आधी "बरं, चल तर मग" म्हणायचं. मग मक्याची चौकशी करायची. पुन्हा "चल तर मग", मग कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी, आणि तिसऱ्या "चल तर मग"ला दोघांनी मिळून ठेवायचा. समोरचा बोलत असताना धाडकन फोन ठेवणारा माणूस इथे एकच होऊन गेला, तोही एकसष्ट साली, आणि त्याचं नाव अजून त्याच कारणासाठी निघतं. मी एकतीस वर्षं टेलिफोन सोसायटीत लाइनमन होतो. त्या तारांमधून निम्मा वेळ नुसतं निरोप घेणंच चालायचं, हे मी शपथेवर सांगतो.

माझी बायको ट्विला त्याच तारांच्या दुसऱ्या टोकाला होती. लग्नाआधी सात वर्षं तिनं बँकेच्या माडीवरच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं. कोण बोलतंय हे तिला नाव न विचारता कळायचं, आणि खरं बोलतंय की नाही तेही. डॉक्टर मागणारा माणूस किती घाबरलाय ते ऐकून ती ठरवायची, आधी डॉक्टरला जोडायचं की शेरीफला. मला त्याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं नाही. मी खांबावर चढणारा माणूस. माझ्या मते काम काय ते तारा करायच्या.

दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात कर्नी शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. त्यावर औषध नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बरंच गेलेलं असेल, असंही ते म्हणाले. परत येताना गाडीत ट्विला म्हणाली, "म्हणजे मला सगळं दिसणार. फक्त मी ज्याच्याकडे बघेन ते सोडून." आणि हसली. मला हसू आलं नाही. पुढच्या ट्रकवाल्यावर मी विनाकारण हॉर्न वाजवला.

तिथल्या नर्सनं मात्र एक उपयोगाची गोष्ट शिकवली होती. जे बघायचं त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, बाजूला कुठेतरी नजर टेकवायची. मग ते कडेनं दिसतं. मोठं असलं तर आणखी बरं दिसतं. टीव्ही वगैरे तुम्ही आरामात बघाल, असं ती म्हणाली होती.

मार्च उजाडला आणि क्रौंच आले. आमच्या नदीवर दर वसंतात पाचएक लाख राखी क्रौंच उतरतात. महिनाभर शेतातला सांडलेला मका खातात, रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, आणि एप्रिलमध्ये दक्षिणेचा उबदार वारा सुटला की एका सकाळी उत्तरेला निघून जातात. आमची जमीन नदीला टेकलेली आहे, त्यामुळे ट्विलानं लग्नानंतरचे चव्वेचाळीस वसंत ते पाहिलेत. पण तिला हवा होता पांढरा.

पांढरा क्रौंच वेगळा. साऱ्या जगात थोडेच उरलेत. तो जातो तोही आभाळातूनच जातो, आमच्या काठाला क्वचित टेकतो. ट्विला नऊ वर्षांची असताना एका धुक्याच्या सकाळी बापाबरोबर याच नदीवर आली होती. धुक्यातून वरून एक आवाज गेला. बाप म्हणाला, हा पांढरा. बस, तेवढंच. आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही. हे ती मला लग्नाआधी सांगायची, लग्नानंतरही सांगायची, आणि नंतर सांगायची बंद झाली, तरी दर मार्चमध्ये दुर्बीण घेऊन ती कशासाठी जाते ते मला माहीत होतं.

तर त्या मार्चच्या शेवटी आमचा शेजारी डेल्मर स्टेस्कल धान्याच्या कोठारावर कॉफी पिताना म्हणाला, "व्हर्लिन, लेका, तुझ्या शेतापाशी नदीच्या वळणावर राख्यांमध्ये एक पांढरा उतरलाय." मी घरी आलो आणि सांगितलं. ट्विला त्याच संध्याकाळी काठावर गेली. एक तास दुर्बीण डोळ्यांना लावून उभी होती. मग तिनं ती खाली केली आणि माझ्या हातात दिली. दुर्बीण म्हणजे काय, तर जे हवं ते बरोबर मधोमध आणणार. आणि तिचं मधोमधच गेलेलं.

"असू दे," ती म्हणाली. "एवढं काही नाही."

आमच्याकडे माणूस "एवढं काही नाही" म्हणाला की समजावं, आभाळ कोसळलंय.

मी त्या रात्री ठरवलं की व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. लांबचं जवळ आणणारा. पक्षी टेपवर घ्यायचा, टीव्हीवर मोठा करून लावायचा, आणि तिनं तो कडेनं बघायचा. एवढी अक्कल मी उभ्या आयुष्यात कधी लढवली नसेल. वारा कधीही फिरेल, म्हणजे हातात फार तर दोन आठवडे होते.

कर्नीत नॉरिस लिंडक्विस्टचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. मी गेलो, हवा तसा कॅमेरा त्याच्या कपाटात होता, आणि किंमत ऐकून मला घाम फुटला. नऊशे डॉलर. मी म्हणालो, विचार करतो. घरी आलो आणि शिकारीच्या मासिकाच्या मागच्या पानावर तोच कॅमेरा, तोच मॉडेल नंबर, पाचशे चाळीसला. न्यूयॉर्कचं दुकान, खाली बिनपैशाचा फोन नंबर. बघा म्हणजे, नॉरिस आम्हाला किती वर्षं लुटतोय! मी पान फाडून ट्विलासमोर नाचवलं आणि वाचून दाखवलं.

"वेगळंच आहे," ती म्हणाली.

आता हे सांगायला हवं. आमच्या नेब्रास्कात कुणी जेवण बिघडवलं, कुणी भयंकर टोपी घातली, पाद्र्याचं प्रवचन फसलं, तर कुणीही वाईट म्हणत नाही. "वेगळंच आहे" म्हणतात. त्याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही. मी ती ऐकली आणि सोयीनं कानाआड केली. फोन केला, कार्डाचा नंबर दिला, सोमवारपर्यंत पोचेल असं तिकडची बाई म्हणाली. मी रात्रभर नॉरिसवर मनातल्या मनात तोंडसुख घेतलं.

सोमवारी कॅमेरा आला नाही, फोन आला. रिक नावाचा माणूस बोलत होता. ऑर्डर निघण्याआधी फक्त खात्री करायची आहे, असं म्हणाला. आवाज इतका गोड की पावाला लावून खावा. त्यानं पत्ता विचारला, हवा विचारली, कॅमेरा कशासाठी ते विचारलं, आणि मग म्हणाला, तुम्ही पक्ष्यांसाठी घेताय ना, मग एक अडचण आहे. बरोबर येणारी बॅटरी वीस मिनिटंच चालते. मोठी घ्यावी लागेल.

मी म्हणालो, बरं, घेतो. मग चार्जर. तो डब्यात नसतो म्हणाला. मग भिंगावरची काच, कारण हे भिंग प्लॅस्टिकचं आहे, थंडीत तडकतं. मग कसलीशी पिशवी. मला राग येत होता, कानशिलं तापली होती, पण माणूस बोलत होता. बोलणाऱ्या माणसाचा फोन ठेवायचा कसा? मी "बरं, चल तर मग" म्हणालो, तीनदा म्हणालो. आमच्या काठावर तिसऱ्यांदा म्हटल्यावर दगडालाही कळतं. त्या गृहस्थाला तो निरोप वाटलाच नाही, त्याला वाटलं मी होकार देतोय. प्रत्येक "चल तर मग"ला तो एकेक वस्तू वाढवत गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या पंधरा मिनिटांत कळलं. नॉरिसची किंमत केव्हाच मागे पडली होती आणि मी अजून "बरं" म्हणतच होतो.

तेवढ्यात खट्ट झालं. ट्विलानं झोपायच्या खोलीतला दुसरा फोन उचलला होता.

"नमस्कार, रिक," ती म्हणाली. "मी ट्विला, यांची बायको. मी मध्येच बोलले तर चालेल ना?"

तो म्हणाला, अहो चालेल काय, मॅडम, बोला की.

इथून पुढे जे झालं ते मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून ऐकलं, आणि ऐकता ऐकता स्टूल ओढून खाली बसलो. ट्विलाला काही घाई नव्हती. तिनं विचारलं, तो डबा तुझ्या जवळच आहे का? तो म्हणाला, हो, समोरच. मग ती म्हणाली, डब्याच्या कडेला आत काय काय आहे ते छापलेलं असतं, मला जरा वाचून दाखवशील, माझे डोळे अधू आहेत. त्यानं भराभर सांगितलं. कॅमेरा, पट्टा, वायर, पुस्तिका.

"पुन्हा एकदा, बाळा," ट्विला म्हणाली, "आणि या वेळी डबा फिरवून. मघाशी पुठ्ठा वाजला नाही."

मग तो हसला, म्हणाला, डबा गोदामात आहे, मॅडम, मला सगळं पाठ आहे.

"असेल," ट्विला म्हणाली. "तुझ्या डावीकडे बसलेल्या माणसालाही पाठ आहे. आत्ता तोही कुणाला तरी सांगत होता, बरोबरची बॅटरी वीस मिनिटंच चालते. आणि लांब खिडकीपाशी एकजण आहे ना, सर्दी झालेला, तो भिंग तडकण्यापर्यंत पोचलाय. तुम्ही सगळे एकच कागद वाचता ना?"

मी फोन कानाला दाबून धरला. मला रिकच्या मागचं काहीही ऐकू येत नव्हतं, नुसती खरखर. एकतीस वर्षं मी त्या तारा जोडल्या आणि तारेत इतकं सगळं असतं हे मला माहीत नव्हतं. ही बाई चव्वेचाळीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतेय आणि मला वाटायचं, मी हिला ओळखतो.

रिकचा सूर बदलला. वस्तू नको असतील तर राहू द्या, म्हणाला, पण नुसता कॅमेरा सध्या शिल्लक नाही. सहा आठवडे लागतील.

"मग रद्द कर," ट्विला म्हणाली, "आणि रद्द केल्याचा नंबर मला सांग. व्हर्लिन लिहून घेईल."

रद्द करता येत नाही, तो म्हणाला. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला नाही. तिनं त्याला तिकडची हवा विचारली. दुपारी जेवलास का विचारलं. आवाज बसलाय तुझा, दिवसभर बोलून बसलाय, मीठ घालून कोमट पाणी घे, म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी तिचा नवरा म्हणून सांगतो. तिला खरंच त्याच्या घशाची काळजी वाटत होती. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो मध्ये मध्ये नुसता श्वास घेत होता. तासाला किती गिऱ्हाइकं उरकायची यावर त्याचं पोट असणार, आणि इथे प्लॅट नदीवरची बाई त्याला निवांत निरोप देत बसली होती. आमच्याकडचा निरोप. त्याला अंत नसतो.

शेवटी ती म्हणाली, "रिक हे तुझं नाव नाही. तू ते म्हणतोस तेव्हा आधी जरा थांबतोस. तुझी आई तुला काय म्हणते?"

मग हळू आवाजात, गोडवा सगळा गळून गेलेल्या आवाजात तो म्हणाला, "लेनर्ड."

"लेनर्ड," ट्विला म्हणाली, "माझे डोळे जातायत. मला एक पक्षी बघायचाय, आणि तो आठवड्याभरात निघून जाईल."

पलीकडे खुर्ची करकरली. ही मात्र मलाही ऐकू आली. लेनर्ड फोनच्या अगदी जवळ येऊन पुटपुटला, "चार्जर डब्यातच असतो, मॅडम. बॅटरी चांगली दीड तास चालते. गावात दुकान असेल तर तिथून घ्या. डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. इथून काही घेऊ नका." मग त्यानं ऑर्डर रद्द केल्याचा नंबर सांगितला, मी तो मासिकाच्या पानावरच लिहिला. आणि लगेच तो घसा फाडून ओरडला, "शिल्लक नाही म्हणून सांगितलं ना एकदा!" आणि फोन आपटला.

ट्विला खोलीतून बाहेर आली.

"निरोपही घेता आला नाही बिचाऱ्याला," ती म्हणाली.

मग तिनं गावातल्या बँकेत फोन लावला. तिथे तिची मावसबहीण आहे. कार्डावरून पैसे जाऊ नयेत याची व्यवस्था पहिल्या दोन मिनिटांत झाली, आणि फोन चाळीस मिनिटांनी खाली आला. मी तोवर स्टुलावर बसून होतो. माझी लाज वाटायचीही मी विसरलो होतो, नुसता तिच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कोठारावर मी सगळं सांगून टाकलं. माझी फजिती, एकेक "बरं, चल तर मग"सकट. कुणी हसलं नाही. डेल्मर कपाच्या तळाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला की दोन वर्षांपूर्वी त्यानंही अशाच एका ठिकाणाहून घेतला. कॅमेऱ्यावरचं एकूण एक अक्षर जपानी. हमीचा कागद म्हणून जे आलं ते हमीचं नव्हतंच. फोन केला तर उचलत नाहीत. कॅमेरा तेव्हापासून पिठाच्या डब्यामागे आहे. मग आणखी दोघांनी आपापलं सांगितलं. मी भडकलो. म्हणालो, अरे गाढवांनो, एकानं जरी तोंड उघडलं असतं तर मी त्या पानाला हात तरी लावला असता का? डेल्मर म्हणाला, "फसलो हे कसं सांगायचं, लेका? झाकली मूठ सव्वा लाखाची." आमची ही जात. दुसऱ्याला वाईट म्हणायचं नाही आणि आपलं वाईट झालेलं सांगायचं नाही. ठगाला आणखी काय हवं?

मी कर्नीला गेलो. नॉरिसच्या समोर उभं राहायला मला लाज वाटत होती. इतके दिवस कुठे होतात, असं त्यानं विचारलं नाही, पण त्याच्या भुवया विचारत होत्या. त्यानं डबा माझ्यासमोर फोडला. बॅटरी, चार्जर, पट्टा, एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि डब्याच्या कडेला छापलेल्या यादीवर बोट ठेवत गेला. हमीचा कागद दाखवला, त्यावर दुकानाचा शिक्का मारला. मग त्यानं बॅटरी तिथेच भरायला लावली आणि मला रस्त्यावर नेऊन समोरच्या छपरावरचं कबूतर टेपवर घ्यायला लावलं, एकदा, दोनदा, पाचदा. लाल बटण दाबल्यावर कोपऱ्यात लाल अक्षरं आली तरच ते चालू, हे त्यानं मला शाळेतल्या पोरासारखं घोकायला लावलं. निघताना आपला तिपाई स्टँड दिला, म्हणाला पक्षी गेले की आणून द्या. नऊशे डॉलर मी मोजले आणि पहिल्यांदा मला ते कमी वाटले.

सात एप्रिलला पहाटे आम्ही काठावरच्या लाकडी झोपडीत गेलो. पक्षी बघायला बांधलेली, नदीकडे फटी ठेवलेली. कडाक्याची थंडी होती, पण आदल्या संध्याकाळपासून वारा दक्षिणेकडून यायला लागला होता. आज नाही तर मग नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ट्विलानं थर्मास आणि जरदाळूची कोलाची, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, आणली होती. मी स्टँड उभा केला, कॅमेरा बसवला, आणि लाल अक्षरांची मनात उजळणी केली.

अंधारात नदी दिसत नव्हती, पण होती ती सगळी पक्ष्यांची होती. मी हे दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी माझी छाती दडपते. आधी एखादा क्रौंच घसा खाकरतो, मग दुसरा, मग तो आवाज वळणामागून वळण घेत मैलभर पसरत जातो, आणि शेवटी माणसाला वाटतं की जमीनच बोलतेय. माणसं नव्हती तेव्हाही हे पक्षी इथे येत होते. असल्या सकाळी मला आपलं नावही आठवत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

उजाडायला लागलं. पाण्यात राखी पाय, राखी माना, नजर पुरणार नाही इतक्या. मी कॅमेऱ्यातून शोधत होतो. राखी, राखी, राखी. कॅमेऱ्याचं चौकोनी भोक एवढंसं आणि नदी केवढी! ट्विला फटीकडे बघतही नव्हती. डोळे मिटून, डोकं जरा तिरकं करून बसली होती. एक्स्चेंजमध्ये ती अशीच बसत असणार. मी तिला तिथे कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी मी खांबावर असायचो.

सूर्याची कड वर आली तसे काठाचे थवे उठायला लागले. उठले की संपलं.

"थांब," ट्विला म्हणाली.

मी थांबलो.

"तो आहे. बाकीच्यांचा आवाज गडगडतो. हा सरळ येतो, बिगुलासारखा." तिनं डोळे न उघडता हात लांब केला. "वाकडं कॉटनवुडचं झाड आहे ना, त्याच्या डावीकडे. पहिल्या वाळूच्या पट्ट्याच्या मागे. दुसऱ्यावर."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. पाच लाख पक्षी ओरडत होते. मी तिच्या बोटाच्या रेषेत कॅमेरा वळवला, पहिला पट्टा ओलांडला, दुसऱ्यावर आलो. राखी पाठींची भिंत. मग ती भिंत जरा सरकली आणि मागे तो उभा होता.

पांढरा म्हणजे किती पांढरा ते मला सांगता येत नाही. राख्यांपेक्षा मानेनं उंच, डोक्यावर तांबडा डाग, आणि अंगावर नुकतं ऊन पडलेलं. त्यानं पंख उघडले, टोकं कुळकुळीत काळी, आणि तो हवेत उडी मारून नाचला. एकटाच. त्याच्या जातीचं तिथे दुसरं कुणी नव्हतं, तरी नाचला. खाली वाकला, चोचीनं काडी उचलली, वर फेकली, पुन्हा उडाला. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसायला हात काढला नाही. कोपऱ्यात लाल अक्षरं होती. मी ती तीनदा वाचली.

"सापडला?" ट्विलानं विचारलं.

"सापडला," मी म्हणालो.

तो चार मिनिटं होता. मग सगळी नदी एकदम उठली, आभाळ भरलं, आणि तो त्या गर्दीत वर गेला. दुपारी वारा जोरात सुटला. संध्याकाळी काठावर जाऊन आलो तर वाळूवर पिसं होती आणि पाण्याचा आवाज होता.

घरी कॅमेरा टीव्हीला जोडला. ट्विलाची खुर्ची मी पडद्यासमोर ओढली तर ती म्हणाली, अशी नको, आडवी लाव. मग तिनं मला शेगडीजवळच्या स्टुलाकडे पाठवलं.

"तू तिथे बस. मला नजर टेकवायला काहीतरी हवं."

मी टेप सुरू केली आणि जाऊन बसलो. तिनं चेहरा माझ्याकडे वळवला आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. तिच्या कडेला, उजव्या हाताला, टीव्हीभर तो पांढरा पक्षी उभा राहिला.

"मी दिसतोय का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या जागी नुसतं धुकं आहे. बोलू नकोस. हलू नकोस."

मी हललो नाही. तिकडे त्यानं पंख उघडले असावेत, कारण तिचं तोंड हळूहळू उघडलं. मग ती नऊ वर्षांची असताना कशी दिसत असेल ते मला दिसलं. तो उडाला की तिच्या भुवया वर जायच्या, तो वाकला की तिची मान जराशी वाकायची. मी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. चार मिनिटं ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि तिला मी दिसत नव्हतो, आणि मला त्या वेळी जगात दुसरं काहीही नको होतं.

टेप संपली. खरखर सुरू झाली.

"परत लाव," ती म्हणाली.

मी उठलो, टेप मागे घेतली, आणि पुन्हा येऊन त्याच जागी बसलो.